यंदा धंदा बंद ठेवणाऱ्या घराच्या बाजूने

2025 च्या पावसाळ्याने विदर्भातल्या शेतांचं काय केलं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सोयाबीन उभ्या जागी सडलं, कपाशीची बोंडं काळी पडली, दिवाळी उधारीवर निघाली. त्या पावसाचा दुसरा धक्का आता उन्हाळ्याच्या तोंडावर दिसतो आहे. होळी झाली की ज्या अंगणांत कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या, ज्वारीचे पापड वाळत पडायचे, त्यांतल्या काही घरांनी यंदा काम काढायचंच नाही असं ठरवलं. कुणी मिनी दाल मिल उघडलीच नाही, कुणी भाकड म्हैस विकून तिच्या जागी दुसरी आणली नाही. यावर गटांच्या बैठकांत, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात जी चर्चा चालते ती ऐकून मन विटतं. एक बाजू म्हणते, धंदा बुडाला, बाईच्या अंगात चिकाटी नव्हती. दुसरी म्हणते, सरकारने वाऱ्यावर सोडलं, अनुदान द्या म्हणजे धंदा चालू राहील. वर्धा जिल्ह्यातल्या काही बचत गटांचे हिशोब लिहायला मी मदत करते, त्यामुळे दोन्ही बाजू मला रोज ऐकाव्या लागतात. धंदा काहीही करून चालू राहिलाच पाहिजे, हे दोघांनीही न तपासता धरून ठेवलं आहे.

मला ते मान्य नाही. कठीण वर्षात घरचा जोडधंदा एका हंगामापुरता थांबवणं हा बहुतेक वेळा शहाणपणाचा, पुरता हिशोब करून घेतलेला निर्णय असतो. तो घेण्याचा हक्क त्या घराला, त्यातही राबणाऱ्या बाईला असला पाहिजे. आणि त्या थांबण्याची किंमत म्हणून तिचं यंत्र, तिची म्हैस किंवा गटातली तिची पत जाता कामा नये. भांडायचंच असेल तर या शेवटच्या मुद्द्यावर भांडावं, कारण खरं नुकसान तिथे होतं.

ज्या कामाबद्दल आपण बोलतो आहोत ते कसं असतं, हे आधी पाहिलेलं बरं. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग तो वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं आंबूस पाणी ओतून टाकायचं. पहाटे, उजाडायच्याही आधी, मोठ्या गंजात आधण ठेवायचं. एकीने चीक ओतत जायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने तो सतत हाटत राहायचा. हात थांबला की गुठळी झालीच. तो गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवरच्या कापडावर कुरडया घालायच्या, कारण थंड चीक सोऱ्यातून उतरत नाही. ऊन वर यायच्या आत हे सगळं आटोपलं पाहिजे, आणि एप्रिल-मे मधलं आमच्याकडचं ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं. हे एकटीचं काम नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात सासू-सून मिळून हे काम करायच्या. दिवाळीनंतर सासूला लकवा झाला. उजवा हात गेला. तिला उठवणं-बसवणं, दवाखान्यात नेणं, मालिश करणं, सगळं सुनेवर आलं. घरचं सोयाबीन आधीच गेलेलं, मुलगी बारावीला. होळीच्या आधी गटाच्या बैठकीत तिने सांगून टाकलं, ‘‘यंदा नाही जमत माय. खराब माल देण्यापेक्षा नाही देल्लेला बरा.’’ त्यावर पहिला प्रश्न आला, ‘‘काहून बंद केलं व बाई? चाललं होतं ना चांगलं!’’ ज्या धंद्याचे दोन हात अंथरुणाला खिळले आहेत, तो चांगला चालला होता म्हणून यंदाही चालेल, हे कोणत्या हिशोबात बसतं?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. शेती बुडते त्याच वर्षी जोडधंद्याची खरी गरज असते, नाहीतर तो जोडायचा कशाला? मुद्दा खरा आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. विदर्भात एकट्या कोरडवाहू शेतीवर कुणाचं घर चालत नाही. 2024 सालच्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि शेतकऱ्याच्या हातात बहुतेक ठिकाणी त्याहून कितीतरी कमी पडले. पीक येऊनसुद्धा ही गत. अशा ठिकाणी दुधाचे, पापडाचे, शेळीचे चार पैसे म्हणजे किराणा आणि शाळेची फी. ते वाईट वर्षात बंद करा असं कुणी सरसकट सांगत असेल तर त्याला गाव कळलेलं नाही.

पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की शेतीचं संकट आणि जोडधंद्याचं संकट वेगवेगळ्या वाटांनी येतं. आमच्याकडे बहुतेक वेळा ते एकाच वाटेने येतं. दुधाचं बघा. कपाशी कमी झाली की सरकी कमी होते, सरकी कमी झाली की ढेप, म्हणजे सरकीची पेंड, महागते. सोयाबीन पाण्यात सडलं की त्याचं कुटार काळं पडतं, जनावर तोंड लावत नाही. म्हणजे ज्या वर्षी शेतीने दगा दिला, नेमक्या त्याच वर्षी म्हशीचा खर्च वाढतो, आणि दुधाचा दर मात्र फॅट लावणारा ठरवतो, ढेपेचा भाव बघून ठरवत नाही. पापड-कुरडयांची निम्मी गिऱ्हाइकं गावातली किंवा शेजारच्या गावांतली. त्यांचंही सोयाबीन गेलेलंच असतं. तूर भिजून डागाळली तर दाल मिलमध्ये भरडायला काय आणणार? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दाल मिल आमच्या भागात कित्येक घरांना आणि गटांना उपयोगी पडली. यंत्र चांगलं आहे यात वाद नाही. पण ते तुरीवर चालतं.

हे आपण एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. 1 जुलै 2006 ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. आत्महत्यांनी हादरलेल्या भागात शेतीला जोड म्हणून अनुदानावर दुधाळ जनावरं देण्याची तरतूद त्यात होती. हेतू चांगला होता, त्यावर शंका घेऊ नये. पण जास्त दूध देणारी गाय जास्त चारा-पाणी मागते, आणि ज्या घरात माणसांच्या पाण्याची मारामार तिथे ती उन्हाळा कसा काढणार? कितीतरी घरांनी त्या गायी पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात विकून टाकल्या. तेव्हाही बोलणारे बोलले की शेतकऱ्याला जोडधंदा करायचाच नाही. गोठ्यात चारा आहे का, विहिरीला पाणी आहे का, घरात एक हात मोकळा आहे का, हे आधी कुणी विचारलं असतं तर तसं म्हणायची वेळ आली नसती.

ज्याची बाजारपेठ आणि ज्याचा कच्चा माल दोन्ही संकटाच्या टापूबाहेर आहेत, त्या धंद्याला हे लागू होत नाही, हेही सांगायला हवं. घरातला मुलगा पुलगावला किंवा हिंगणघाटला दुकान चालवत असेल, शिवणकामाची ऑर्डर नागपूरहून येत असेल, तर वाईट वर्षात तो धंदा जिवापाड जपावा; तो खरोखर घराला तारतो. शेळ्यांचंही वेगळं आहे, वाईट वर्षात चार विकायच्या आणि दोन पाठी, म्हणजे मादी पिल्लं, राखायच्या हा आपल्याकडचा जुना शिरस्ता, आणि तोही एक प्रकारे धंदा आखडता घेणंच आहे. कोणता जोडधंदा कोणत्या संकटात टिकतो हे घराघरातलं वेगळं गणित आहे, आणि ते गणित मांडायला त्या घराइतकं योग्य दुसरं कुणी नाही.

थांबणं म्हणजे रिकामं बसणं असंही धरलं जातं. त्या सुनेचंच घ्या. मार्चमध्ये गहू, तेल, पिशव्या यांवर पैसे घालायचे, एप्रिल-मे राबायचं आणि पैसे हातात यायचे जून-जुलैमध्ये. ज्या घरात रोजच्या औषधाला पैसे लागतात तिथे तीन महिन्यांनी येणारा पैसा काय कामाचा? सकाळी सासूचं आवरून ती जवळच्या शेतात हळद काढायला जाते, संध्याकाळी मजुरी हातात पडते. उशिरा येणाऱ्या पैशाचं काम थांबवून रोख पैशाचं काम धरणं, याला आळस म्हणणाऱ्याने पैशाची चणचण कधी पाहिलेली नसावी. आणि कुरडयांच्या ‘नफ्या’चा हिशोब तरी कसा होतो? गहू, मीठ, सरपण, पिशव्या वजा केल्या की उरलेला तो नफा. पहाटे तीनला उठणाऱ्या दोन बायकांची मजुरी त्यात कुठेच धरलेली नसते. चांगल्या वर्षात हे खपून जातं, कारण वेळ होता, तो वापरला. कठीण वर्षात तोच वेळ दुसरीकडे विकला जातो किंवा आजाऱ्याच्या उशाशी जातो. त्या वेळेची किंमत लावली की पुष्कळ धंदे त्या वर्षापुरते तोट्यात दिसतील.

वर्ध्याच्या भूमीवर हा विचार नवा वाटू नये. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो इथेच, आणि मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, मधमाशा, हातकागद, सगळं तिथे झालं. गांधीजींनी चरख्याची बाजू मांडली ती मुळात शेतकऱ्याच्या रिकाम्या महिन्यांचं काय, या प्रश्नापासून. शेतीचं काम नसताना जो वेळ वाया जातो त्यात घरात दोन पैसे यावेत, हा त्यामागचा विचार. शेत आणि घर हा कणा, बाकीचं त्याच्या सवडीने, हा क्रम त्यांनी कधी उलटवला नाही. आज आपण तो उलटवला आहे. गाव सवडीने चालवायचा तो धंदा आता आपल्याकडे सवड मागतो, आणि नसेल तर झोपेतून काढा म्हणतो.

मोठ्या उद्योगाला आपण ही सवड न मागता देतो. विदर्भातल्या कोणत्याही जिनिंगमध्ये जुलैत जाऊन पाहा. आवार ओस पडलेलं असतं, बैलगाड्या-ट्रॅक्टरच्या रांगा नाहीत, यंत्रांवर धूळ. कापूस यायला लागला की पुन्हा सुरू. साखर कारखान्याचाही गाळप हंगाम असतो आणि ऊस कमी असला की तो लवकर आटोपतो. त्या मालकाला कुणी म्हणतं का, की तुमच्यात सातत्य नाही? बँकही त्याला हंगामी भांडवल देते, हंगामाप्रमाणे परतफेड घेते. मग दोन बायकांच्या कुरडयांना ही समज का लागू होऊ नये? त्यांचा धंदा तर जिनिंगपेक्षा जास्त हंगामी आहे. तिथे यंत्राला कापूस पुरला की झालं. इथे गहू, ऊन आणि दोन निरोगी माणसं, तिन्ही एका वेळी जुळावी लागतात.

उत्तराचा एक भाग आपल्या गटांच्या शिस्तीत सापडतो. बचत गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. या शिस्तीने बायकांना बँकेच्या दारात उभं केलं. नाबार्डने 1992 मध्ये गट-बँक जोडणी सुरू केली त्यानंतरची सगळी वाटचाल याच पायावर आहे. मी या शिस्तीच्या बाजूची आहे. बैठक चुकवू नये, बचत चुकवू नये. पण पैशाच्या व्यवहाराला लावायचा ‘नियमित’ हा शब्द आपण हळूहळू धंद्यालाही लावला. केंद्र सरकारच्या योजनेतल्या ‘लखपती दीदी’ची व्याख्याच घ्या: घराचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर, आणि ते किमान चार शेती हंगाम किंवा व्यवसायाची चार चक्रं टिकलेलं, महिन्याला सरासरी दहा हजारांच्या वर. उत्पन्न टिकाऊ असावं ही त्यातली कळकळ योग्य आहे. पण खाली गावात, जिथे याद्या भरल्या जातात, तिथे तिचा अर्थ होतो तो असा, की यंदा थांबलेली बाई यादीतून घसरली. मग गटाच्या ताईंना आकडा सांभाळायचा असतो, त्या मागे लागतात, ‘थोडं तरी कर ना व, दोन-चार किलो.’ आणि ती बाई मोडक्या अंगाने दोन-चार किलो करते, कागदावर धंदा जिवंत राहावा म्हणून.

गिऱ्हाईक तुटतं, हा दुसरा आक्षेप. खंड पडला की माणसं दुसरीकडे वळतात, मोठ्या कंपन्यांचे पाकिटातले पापड आता गावच्या किराण्यातही आहेत, एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. यात तथ्य आहे. दुकानात माल ठेवणाऱ्याला तर मोठीच अडचण आहे. दुकानदार रिकामी जागा वर्षभर कुणासाठी राखत नाही. पण घरच्या कुरडयांचं मुख्य गिऱ्हाईक दुकानात नसतं. नागपूर-पुण्याला दिलेल्या लेकी असतात, शाळेतल्या बाई असतात, दरवर्षी अडीच किलो नेणारे तलाठी असतात. ते चवीसाठी येतात. त्यांना होळीआधी फोन करून सांगितलं की यंदा घरात आजारपण आहे, पुढच्या वर्षी नक्की, तर बहुतेक जण थांबतात, उलट चौकशी करायला येतात. ते थांबत नाहीत ते आंबट झालेल्या चिकाच्या कुरडईसाठी. पावसात भिजलेला गहू, एकटीने घाईत हाटलेला गुठळ्यांचा चीक, नीट न वाळलेला माल असा एक घाणा जरी त्यांच्या घरी गेला, तर पाकिटातला पापड त्यांना आपोआप बरा वाटायला लागेल. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदाराला हे सांगावं लागत नाही. तो आंबिया घेतो किंवा मृग घेतो. दोन्ही बहार एकाच झाडावर ओरबाडले की झाड खचतं, आणि ताण देण्याच्या वेळी तो पाणी तोडतो तेव्हा बाग सोडून दिली असं कुणी म्हणत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र मी सगळ्यात जास्त घाबरते, कारण तो अनुभवातून येतो. तात्पुरतं म्हणून थांबलेला धंदा कायमचा बंद होतो. पाच-सहा उदाहरणं तर माझ्याच गावातली डोळ्यांसमोर येतात. पण ती एकेक करून पाहिली की एक गोष्ट सारखी आढळते: थांबल्यामुळे कुणाचा धंदा मेला नाही, थांबलेल्या काळात काहीतरी विकावं लागलं म्हणून मेला. पिठाची गिरणी विकली, म्हैस विकली, शेवयांचं यंत्र गेलं. आणि विकावं का लागलं? बहुतेक ठिकाणी हप्त्यासाठी. पीककर्ज पीक आल्यावर, वर्षाकाठी फेडायचं असतं. कुरडयांच्या यंत्राच्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला, छोट्या फायनान्सचा असला तर दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला. जो धंदा वर्षातून तीन महिने पैसे देतो त्याला बारा महिन्यांचा हप्ता! रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या चौकटीप्रमाणे सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. नियम चांगला आहे, पण ती कसोटी कर्ज देताना लावतात. सोयाबीन गेल्यावर उत्पन्न निम्म्यावर आलं, म्हणून ती कसोटी परत लावायला कोण येतं?

शेतीसाठी तरी आपल्याकडे संकटाच्या वर्षाची एक व्यवस्था आहे. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या खाली गेली, दुष्काळ जाहीर झाला, की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत, परीक्षा शुल्कात माफी. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ झालं. या सवलतींवर कितीही टीका झाली तरी त्यांच्या मुळाशी एक समज आहे, की वाईट वर्षात माणसाकडून चांगल्या वर्षासारखी वसुली करता येत नाही. ही समज सहज आलेली नाही. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाले, तेव्हा कुठे 1901 च्या दुष्काळ आयोगाने सांगितलं की लोकांचं धैर्य खचायच्या आत हालचाल करा, तगाई, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज, वेळेवर द्या, सारा वेळेवर तहकूब करा. म्हणजे माणूस बैल-औत विकून मोकळा झाल्यावर दिलेल्या सवलतीला अर्थ नसतो, हे परक्या सरकारलासुद्धा मान्य करावं लागलं. सव्वाशे वर्षांनंतर आपण बाईच्या शेवयांच्या यंत्राबाबत तिथवरही आलेलो नाही.

असं म्हटलं की लगेच उत्तर येतं, हप्ते थांबवले तर पतपुरवठ्याची व्यवस्था कोलमडेल. 2020 मध्ये ती कोलमडली का? रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 ला आधी तीन महिन्यांची हप्तेसवलत जाहीर केली आणि नंतर ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. व्याज चालू राहिलं, ते देणं पुढे आलंच. व्याजावर व्याज लावू नका एवढा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये दिला. कर्ज माफ झालं नाही, फक्त वेळ मिळाला, आणि त्या वेळात लाखो लोकांची गाडी, दुकान, यंत्र वाचलं. मी तेवढंच मागते आहे. नैसर्गिक आपत्तीच्या भागात शेतीखेरीज जोडधंदे, ग्रामीण कारागीर, छोटे व्यापारी यांच्या कर्जांच्या फेररचनेचा विचार करायला रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत वावही आहे. पण तो विचार बँकांच्या जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या बैठकांत व्हायचा असतो, आणि त्या बैठकांत गटातल्या बायकांच्या यंत्राचा विषय आग्रहाने मांडणारं कुणी नसतं. अनुदानाची मागणी करणाऱ्यांनी आपलं बळ इथे लावावं. अनुदानाने आणखी एक यंत्र येईल. वेळ मिळाला तर आहे ते यंत्र घरात राहील.

शेवटचा आक्षेप माझ्याच बाजूच्या बायकांकडून येतो आणि तो मनाला लागतो. त्या म्हणतात, ताई, धंदा थांबला की बाई परत चुलीपाशी जाते. चार पैसे हातात होते म्हणून घरात तिचा शब्द होता, बैठकीला, तालुक्याला जायला मुभा होती. एक वर्ष थांबली की नवरा म्हणणार, झालं ना तुझं, आता बस घरी. हे खरं आहे. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला 299 मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष 97, असा आकडा आला. घरात आजारपण आलं की हा फरक आणखी कुणाच्या बाजूने वाढतो ते सांगायला नको. म्हणून कोण थांबवतं आहे हे पाहिल्याशिवाय थांबण्याचं समर्थन मी करणार नाही. नवऱ्याने किंवा सासऱ्याने ‘पुरे झालं’ म्हणून बंद केलेला धंदा आणि बाईने स्वतः हिशोब मांडून थांबवलेला धंदा, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात गटाने तिच्या पाठीशी उभं राहून भांडावं. दुसऱ्यात तिला आकड्यासाठी ढकलू नये. आणि तिचा घरातला शब्द टिकवायचा असेल तर धंदा थांबला तरी तिची गटातली बचत, तिचं स्वतःचं खातं, बैठकीतली तिची जागा यांना हात लागता कामा नये. अंगावरचं दुखणं काढत, आजाऱ्याला टाकून, पहाटे तीनला चीक हाटून जो शब्द मिळतो, त्याला मी सत्ता म्हणायला तयार नाही. सासूच्या दुखण्याचा अर्धा भार घरातल्या पुरुषाने उचलला तर कदाचित धंदा थांबवावाच लागणार नाही, हे मात्र कोणत्याही बैठकीत कुणी बोलत नाही. बाईला चिकाटी शिकवणाऱ्यांनी ते एकदा बोलून पाहावं.

आणि शेती बुडालेल्या वर्षात घराला तारणं ही त्या घराची एकट्याची जबाबदारी कधीपासून झाली? 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने त्याचं वेगळं उत्तर दिलं होतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्या काळात लाखो हातांना काम देऊन गेली, आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, ही जबाबदारी राज्याची. खडी फोडण्याचं ते काम कष्टाचं होतं, त्यातही चोऱ्या झाल्या, सगळं खरं. पण उपाशी घराला ‘आणखी एक धंदा काढा आणि तो बंद पडू देऊ नका’ असं सांगून राज्य मोकळं झालं नव्हतं. आज वाईट वर्षात गावात सांगितला जातो तो सल्ला हाच आहे.

करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काही आमच्या हातात आहे. गावातल्या गटांच्या मिळून झालेल्या ग्रामसंघाच्या नोंदीत चालू आणि बंद यांच्या जोडीला ‘या हंगामापुरता थांबवला’ अशी नोंद असावी, कारणासह, आणि तिचा गटाच्या गुणांकनावर परिणाम होऊ नये. अशा घराच्या गटातल्या अंतर्गत कर्जाची मुद्दल एका हंगामासाठी पुढे ढकलावी, व्याज आणि बचत चालू ठेवावी. हे ठरवायला गटाला कुणाची परवानगी लागत नाही. बाहेरच्या कर्जासाठी ग्रामसंघाने बँकेला लेखी द्यावं, तोंडी विनवण्या करू नयेत. यंत्र बंद असेल तर ते शेजारच्या गटाला हंगामापुरतं भाड्याने द्यावं, म्हणजे ते गंजणार नाही आणि हप्त्याला थोडा हातभार लागेल. पुन्हा सुरू करताना मुख्य अडचण पहिल्या गव्हाची येते. कुरडईसाठी चांगला गहू नवा निघतो तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्येच, घेऊन ठेवावा लागतो. मे उजाडेपर्यंत हवा तसा मिळत नाही, मिळाला तर महाग. वर्षभर थांबलेल्या घराकडे नेमका तेव्हाच पैसा नसतो. म्हणून ज्यांनी यंदा थांबवलं त्यांच्या पुढच्या वर्षीच्या गव्हाची रक्कम गटाने जानेवारीच्या बैठकीत ठरवावी, ठरावात नाव आणि आकडा लिहावा, आणि गहू बाजारात आला की ती त्या बाईच्या खात्यावर टाकावी.